एक्सपोजर लॉक केलं, तरी मंगलाष्टकातले चेहरे काळेच

परभणी जिल्ह्यातलं खेडं, वैशाखातलं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. संध्याकाळी भाच्याचा फोन आला.

"मामा, मंगलाष्टकातले समदे फोटो काळे यायलेत. लॉक केलं होतं मी, देवाशप्पथ. बटणच गेलं वाटतं."

लॉक म्हणजे एक्सपोजर, फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्यानं एकदा मोजलं की तसंच धरून ठेवायला लावणं. ही रड मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींनाही त्याचं हेच झालं होतं. तेव्हा मी "कॉम्प्युटरवर उजळून घे" म्हणून विषय सोडला होता, आणि तेच चुकलं. उजळलेल्या चेहऱ्यांवर रवाळ दाणे आले आणि दुखणं जिथल्या तिथं राहिलं. या वेळी त्याला म्हटलं, फोटो व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. नुसता फोटो पाठवला की तो आवळला जातो आणि त्याच्या पोटातली शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओची नोंद गळून पडते. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी येते. असल्या दुखण्यात चेहरा नंतर बघायचा, आधी आकडे.

आकडे असे. नवरदेव बोहल्यावर उभा, अंतरपाट अजून धरलेला नाही: १/१२५, एफ/४, आयएसओ ४००. चेहरा छान. पुढचा फोटो, अंतरपाट मधे आलेला: १/४००, एफ/४, आयएसओ ४००. चेहरा कोळसा. त्यानंतरचे सगळे त्याच्याच आसपास. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या आणि शटर परत १/१२५ वर येऊन बसलं.

त्या पाच-सात मिनिटांत मांडवातला उजेड तसूभर बदलला नव्हता. मधे आलं होतं एक पांढरं धुवट कापड. कॅमेऱ्याला वाटलं उजेड वाढला, म्हणून त्यानं दीड स्टॉपहून जास्त उजेड कापला. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळतं. लॉकसुद्धा झालं होतं, पण फक्त पहिल्या फोटोपुरतं. दुसऱ्या फोटोच्या वेळी कुलूप उघडंच होतं. बटण धडधाकट होतं.

आधी घरी, खिडकीपाशी

तुमचंही असंच होत असेल तर लग्नाच्या गर्दीत उकल शोधू नका. घरात दिवसा खिडकीसमोर उभे रहा. मोड ए किंवा एव्ही ठेवा, म्हणजे अ‍ॅपर्चर तुमचं आणि शटर कॅमेऱ्याचं. आयएसओ ४०० वर बांधून टाका. ऑटो आयएसओ चालू असेल तर ही तपासणी फसते, कारण शटर जागेवर राहून आयएसओच हलत बसतो. आता खिडकीकडं रोखून शटरचं बटण अर्धं दाबून धरा, आकडा वाचा आणि बोट न उचलता कॅमेरा अंधाऱ्या कोपऱ्याकडं वळवा.

आकडा बदलला, तर तुमच्या कॅमेऱ्यात अर्धं बटण एक्सपोजर धरत नाही, फक्त फोकस धरतं. निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मूळ मांडणीच अशी आहे. अर्ध्या बटणावर एक्सपोजरही थांबायला हवं असेल तर मेनूत शटर बटणाच्या एई-एलचा (एक्सपोजर लॉकचा) पर्याय चालू करावा लागतो. कॅननच्या डीएसएलआरवर प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, आणि बहुतेक पोरं इथंच अडकतात. वन शॉट फोकस (एकदा लागला की थांबणारा) आणि इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग (सगळी फ्रेम बघून उजेड मोजणारं) असेल तर फोकस लागताच एक्सपोजरही धरलं जातं. मीटरिंग पार्शल, सेंटर-वेटेड किंवा स्पॉट (मध्याला किंवा छोट्या भागाला जास्त मान देणारं) केलं की अर्धं बटण एक्सपोजर धरत नाही, ते फोटो निघतानाच ठरतं. फोकस एआय सर्व्होवर (हलत्या माणसामागं सतत फिरणारा) असेल तरी तेच. आदल्या रात्री वरातीत नाचणाऱ्यांसाठी सर्व्हो लावलेला असतो, सकाळी तो तसाच राहतो आणि माणूस म्हणतो, काल तर बरोबर चालत होतं.

आता हीच तपासणी लॉकच्या खास बटणावर करा. कॅननवर चांदणीचं बटण, निकॉनवर एई-एल/एएफ-एल, सोनीवर एईएल. बटण दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, चांदणी किंवा एई-एल ही खूण उमटते. ती खूण दिसते तोवरच कुलूप आहे. भाच्यानं बटण दाबलं होतं, पण खुणेकडं बघितलं नव्हतं.

कॅननच्या डीएसएलआरवर चांदणी दाबून सोडली की मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं यंत्र, जागं असेपर्यंत कुलूप टिकतं, बऱ्याच मॉडेलांवर सुमारे ४ सेकंद. एक फोटो काढल्यावर पुढच्यालाही तेच एक्सपोजर हवं असेल तर चांदणी दाबूनच ठेवावी लागते. त्यानं नवरदेवावर चांदणी दाबली, बोट काढलं, पहिला फोटो घेतला. तो बरोबर आला. पुढचे चाळीस उघड्या कुलपावर.

निकॉनवर उलटी गंमत होते. तिथलं बटण मूळ मांडणीत एक्सपोजर आणि फोकस दोन्ही धरतं, तेही दाबून ठेवाल तेवढाच वेळ. मग चेहरा उजळ येतो, पण नवरा दोन पावलं पुढं सरकला की धूसर. त्यावर उपाय म्हणजे मेनूत त्या बटणाचं काम 'एई लॉक (होल्ड)' करून घ्यायचं: एकदा दाबलं की धरलं, परत दाबलं की सुटलं. कॅमेरा झोपी गेला तर मात्र हेही सुटतं, म्हणून मीटर बंद व्हायची वेळ वाढवून ठेवा. अंगठा दुखत नाही, हा वरचा फायदा.

कुलूप टिकलं, पण चुकीच्या दारावर

खिडकीची तपासणी पास झाली आणि तरी चेहरे काळेच, तर गोष्ट वेगळी. लॉक काही सुधारत नाही. जे मोजलं ते धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. मोजणं चुकलं असेल तर चूकच घट्ट धरून ठेवतं.

मोजतं कसं, ते आपल्या भागात समजावणं सोपं आहे. मानवत-सेलूकडं हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागतात, त्याच्या शेजारच्या रानात नांगरलेली काळी माती. कॅमेऱ्यात फक्त कापूस भरा, एक फोटो काढा. मग फक्त काळी माती भरा, त्याच मोडवर दुसरा काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कापूस मळकट राखाडी आणि मातीही धुरकट राखाडी. कॅमेरा वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. वस्तू मुळात पांढरी की काळी हे त्या मीटरला ठाऊक नसतं, म्हणून जे समोर येईल ते मधल्या राखाडीवर आणून बसवतो. फोटोच्या दुकानात मिळणारं ग्रे कार्ड याच कामासाठी असतं, पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत फेकणारं. कापूस त्याच्या चौपटीहून जास्त उजेड परत फेकतो. मीटर त्याला खाली ओढतं, आणि कापसाशेजारी उभा असलेला शेतकरी त्याच्याबरोबर अंधारात जातो.

आता लग्नातले म्हातारे आठवा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा पटका, आणि त्यात उन्हानं रापलेला वीतभर चेहरा. फ्रेमचा पाऊण भाग कापूसच. तिथं मीटरचा काय दोष?

उपाय एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे अधिक-उणे चिन्हाच्या बटणाचा. पांढरं जास्त असेल तर +१ ते +१⅔ स्टॉप. काळं जास्त असेल तर −⅔ ते −१. पांढऱ्याला अधिक करायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी चांगले वर्षभर उलटंच करत होतो.

वेरूळला हा घोळ एकाच जागी दोन्ही बाजूंनी बघायला मिळतो. कैलास लेणं काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं, तोंड पश्चिमेला. सकाळी पुढचा भाग सावलीत असतो आणि वर आभाळ लखलखतं. फ्रेममध्ये आभाळ घेतलं की दगडाचा डांबर होतो. आभाळ टाळून नुसता दगड भरला की तोच दगड सिमेंटसारखा फिका येतो. पाय हलवायचा नाही, मिनिटही जात नाही, आणि दोन फोटो दोन दिशांना चुकतात. तिथं मी आधी कॅमेरा खाली करून फक्त सावलीतला दगड मोजतो, −⅔ देतो, लॉक करतो आणि मग आभाळासकट फ्रेम लावतो. आभाळ पांढरं उडतं, ते मी उडू देतो. आभाळ हवं असेल त्यानं दुपारनंतर यावं, तेव्हा ऊन समोरून येतं. आणि मंगळवारी जाऊ नये, लेणी बंद असतात. वेरूळहून शहरात परत येताना बीबी का मकबऱ्याला थांबलात तर तो −⅔ आधी काढा. पांढऱ्या घुमटाला +१ लागतो, उणे राहिलं तर मकबरा पावसाळी दिसतो.

चेहऱ्यासाठी सगळ्यात भरवशाचं मोजमाप म्हणजे स्वतःचा तळहात. रंग कसाही असला तरी तळहात माणसामाणसांत फारसा बदलत नाही, आणि मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. चेहऱ्यावर जसा उजेड आहे तशाच उजेडात हात धरायचा, तळवा फ्रेमभर आणायचा, फोकसची फिकीर करायची नाही, +१ देऊन लॉक. हात सावलीत आणि नवरा उन्हात, असं केलंत तर मात्र मला फोन करू नका.

स्पॉट मीटरिंग ऐकून आलेल्यांसाठी थोडं. स्पॉट फ्रेमचा अगदी छोटा भाग बघतो, निकॉनवर साधारण अडीच टक्के. चेहरा मोजायला उत्तम, पण तो ठिपका आहे कुठं हे माहीत पाहिजे. निकॉनवर तो निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतो. फोकस पॉइंट कॅमेऱ्यानंच निवडायचा असेल तर मात्र मध्यावर जातो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरवर तो मध्यावरच असतो, तुमचा फोकस पॉइंट डाव्या कोपऱ्यात असला तरी. म्हणजे फोकस नवरीवर आणि मोजणी मधल्या अंतरपाटावर. कॅनन १५००डीसारख्या सुरुवातीच्या मॉडेलांत स्पॉट नाहीच, पार्शल आहे, मध्यातला सुमारे १० टक्के भाग. त्यानंही काम होतं. जवळ जा, मोजा, चांदणी धरा, मागं या.

किरकोळ वाटणारी, पण रात्र घालवणारी कारणं

कॉम्पेन्सेशन कालचंच राहिलेलं असतं. बरेच कॅमेरे बंद करून चालू केले तरी ते विसरत नाहीत. फोटो काढायला उभं राहिल्यावर पहिली नजर त्या पट्टीवर.

उणे देऊनही फोटो काळा होत नाही, तेव्हा कॅननवर ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बघा, निकॉनवर ॲक्टिव्ह डी-लाइटिंग. ही मंडळी जेपीईजीतल्या सावल्या परस्पर उजळतात. तुम्ही एक करता, कॅमेरा मागून दुसरंच करतो, आणि आपण लॉकला शिव्या घालतो. तपासणीपुरतं तरी बंद ठेवा.

भर उन्हात मागच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. एप्रिलच्या दुपारी चांगला फोटोही पडद्यावर काळा दिसतो, रात्री मांडवात काळा फोटोही झकास दिसतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडं काळं, उजवीकडं पांढरं) उघडा, डोंगर कुठल्या बाजूला टेकलाय ते बघा.

फ्लॅश लावलेला असताना कॅननवर चांदणी दाबली की फ्लॅश एकदा उडतो आणि लोक दचकतात. कॅमेरा खराब नाही. ते फ्लॅशच्या उजेडाचं लॉक आहे, तो आधी छोटा झोत टाकून मोजून घेतो. तोही मध्यातूनच मोजतो, म्हणून ज्याचा चेहरा हवा त्याला मध्यावर घ्या, दाबा, मग फ्रेम सरकवा.

रात्रीच्या मांडवात लॉक पक्कं, आकडे तेच, तरी एक फोटो उजळ, एक काळपट, एक पिवळा आला तर दिव्यांकडं बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या ट्यूब आणि स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५०० ला तुम्ही त्यातला एखादा तुकडा पकडता, कधी उजळ, कधी मंद. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, एक पूर्ण फेरा आत येतो आणि फोटो एकसारखे होतात. नवीन कॅमेऱ्यांत फ्लिकर टाळायची सोय असते, ती चालू करा.

मीटरच बिघडलंय अशी शंका येत असेल तर त्यालाही देशी इलाज आहे. स्वच्छ दुपारी ऊन पाठीवर घ्या, मोड एम (सगळे आकडे तुमचे), आयएसओ १००, एफ/१६, १/१२५. समोर उन्हातलं काहीही, बैलगाडी, भिंत, शेजारचा काका. हा फोटो ठीक आला तर सेन्सर, शटर, अ‍ॅपर्चर जागेवर आहेत. आता त्याच भिंतीवर कॅमेरा ए मोडला काय आकडे देतो ते ताडून बघा. एखाद-अर्ध्या स्टॉपचा फरक भिंतीच्या रंगाचा असतो. तीन-चार स्टॉपचा असेल तर खुशाल दुरुस्तीला न्या.

आणि एक असं, जे मला स्वतःला दोन सहली समजलं नव्हतं. पैठणला नाथसागराच्या काठावर पहाटे कॅमेरा तिवईवर लावला, तोंड पश्चिमेकडं, टायमर लावून मी बाजूला. सगळे फोटो अंधारे. कॅमेरा हातात घेऊन काढले की व्यवस्थित. लॉक, मीटरिंग, सगळं उलटंपालटं करून बघितलं. कारण माझ्या पाठीमागं उगवत होतं. डीएसएलआरचं मीटर व्ह्यूफाइंडरच्या वाटेवरच बसलेलं असतं. डोळा लावलेला असतो तोवर मागची खिडकी झाकलेली असते. डोळा काढला की कोवळं ऊन तिथून आत शिरतं आणि मीटर समजतं, समोर केवढा उजेड. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्याला एक रबरी तुकडा असतो, मी तो कित्येक दिवस नुसताच शोभेचा समजत होतो. तो त्या खिडकीवर बसवायचा असतो. नसेल तर टोपी धरा किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून काढणं) लावा. मिररलेसवाल्यांना, ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसाच नसतो, हा ताप नाही.

लॉकला रामराम कधी

मांडवात अर्धा तास उजेड सारखा आहे, तर लॉकच्या मागं धावूच नका. भाच्याला मी शेवटी हेच दिलं: मोड एम, ऑटो आयएसओ बंद, तळहातावर मोजून पट्टीवरचा काटा +१ वर आणायचा आणि मंगलाष्टका संपेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. अंतरपाट येवो की जावो. ऑटो आयएसओ राहिलं तर एम मोड नावालाच एम, ते आपलं अंतरपाट बघून आयएसओ हलवत राहतं.

किट लेन्सवाल्यांनी (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स) इथं एक सांभाळायचं. १८-५५ लेन्सचं तोंड १८ वर एफ/३.५ उघडतं, ५५ वर एफ/५.६. एफ/३.५ ठेवून मोजलं आणि झूम केलं, की एम मोडमध्ये सव्वा स्टॉपहून जास्त अंधार आपोआप येतो. म्हणून पहिल्यापासूनच एफ/५.६ घ्यायचं, मग झूम कुठंही फिरवा. त्या दिवशीच्या १/१२५, एफ/४, आयएसओ ४०० चं एम मोडमधलं रूप १/१२५, एफ/५.६, आयएसओ ८००. उजेड तोच.

उन्हाळ्यात हे चालतं. श्रावणात ढग पळत असले की एम मोड दर दोन मिनिटांनी फसतो, तिथं ए मोड आणि चांदणीवर अंगठा.

पुढचं लग्न सेलूकडं होतं. भाच्यानं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. बोहल्यापाशी उभा राहून हात पुढं करून मोजत होता, तेव्हा वऱ्हाडातल्या बाया एकमेकींना विचारायल्या, "हा फोटूवाला सोताच्याच हाताचे फोटू का काढायलाय?" फोटो चांगले आले, म्हाताऱ्यांचे पटके पांढरे आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जागच्या जागी. फक्त पेन ड्राइव्ह देताना मोजणीचा एक फोटो काढून टाकायचा राहिला. आठ दिवसांनी नवरीच्या बापाचा फोन: "समदं झकास हाय, पण तेवढं पाच नंबरच्या फोटोतला हात कुणाचा ते सांगा."